कोल्हापूरला राहायला येतोय: कुठल्या बाजूला घर घेतलं तर मातीतल्या वाटा जवळही राहतील आणि टिकतीलही?

करवीर_वाट

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये पुण्याहून कोल्हापूरला मुक्काम हलवतोय. नोकरी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, सकाळी साडेआठची हजेरी. बायकोचं काम घरून चालतं, मुलगी सातवीत. शाळा, पाणी, इंटरनेट बघूनच घर ठरणार. पण या वेळी आम्ही दोघांनी मिळून आणखी एक गोष्ट यादीत वर घेतली आहे: आठवड्यातून निदान दोनदा तासभर मातीत मोटरसायकल चालवता आली पाहिजे. रविवारी लांब जाणं वेगळं, मला रोजच्या जगण्यात बसणारी वाट हवी आहे.

गाड्या दोन. एक एक्सपल्स २०० ४व्ही, पुण्याच्या नोंदणीची. दुसरी केएलएक्स १४०, तिला नंबर नाही, पिकअपमधूनच न्यावी लागते.

नकाशावर चार पर्याय काढलेत. आर. के. नगर, मोरेवाडी, पाचगाव हा पट्टा. गगनबावडा रस्त्याला फुलेवाडी ते बालिंगा. पन्हाळ्याच्या वाटेवर केर्लीच्या आसपास, तिथं प्लॉट स्वस्त दिसतात. नाहीतर सरळ गारगोटी किंवा आजरा गाठायचा आणि नोकरीसाठी रोज ये-जा करायची. सध्या मन पन्हाळ्याच्या बाजूला ओढतंय, मसाई पठार जवळ म्हणून. काय बघायला हवं आणि काय चुकतंय, सविस्तर सांगा.

गव्याची_वाट

दादा, मसाई पठार मनातून काढून टाका. तिथूनच सुरुवात करतो, कारण बाहेरून येणारे बरेच जण नेमकं याच पठाराकडं बघून जागा ठरवतात.

मसाई म्हणजे जांभ्याचा सडा, उघडा सपाट खडक. खडकावर माती बोटभर, कुठं तेवढीही नाही. जून ते ऑक्टोबर त्या मातीत कीटकभक्षी सीतेची आसवं, गेंद, नाना तऱ्हेचं गवत उगवतं आणि पाऊस संपताच बी टाकून मरतं. खोल खाचांच्या टायरनं एक गोल फेरा मारला की ती माती निघून खडक उघडा पडतो आणि पुढच्या पावसात पाणी त्याच चाकोरीतून वाहून उरलेलीही नेतं. शेतातली चाकोरी नांगरटीत बुजते, सड्यावरची बुजत नाही. शिवाय हे पठार संवर्धन राखीव क्षेत्र आहे आणि शेजारचा पन्हाळा २०२५ पासून जागतिक वारसा यादीत. तिथली देखरेख वाढतच जाणार. ज्या जागेवर पुढच्या पाच वर्षांत गाडी नेता येणारच नाही, तिच्या भरवशावर घर घेऊ नका.

दुसरा मुद्दा अंतराचा. सह्याद्रीचा कडा शहराच्या कुठल्याही कोपऱ्यातून तासा-दीड तासावर आहे. गगनबावडा ५५ किमी, राधानगरी साधारण तेवढंच, आंबा घाट त्याहून थोडा पुढं. फुलेवाडीत राहिलात तर गगनबावडा वीस मिनिटांनी जवळ येईल, पण साडेआठच्या हजेरीसाठी रोज सगळं शहर ओलांडून कागल गाठावं लागेल. त्या वीस मिनिटांचं मोल रविवारी एकदा, भुर्दंड आठवड्यातून सहा दिवस. म्हणून घाट बाजूला ठेवा. घरापासून १० किमीच्या आत काय आहे, एवढंच बघा. संध्याकाळी सहाला कामावरून आलात तर उजेड तासभरच मिळणार, हिवाळ्यात तोही नाही. जायला २० मिनिटांपेक्षा जास्त लागणारी वाट आठवड्याच्या मधे वापरात येत नाही.

या हिशेबानं दक्षिणेचा पट्टा सरस. पाचगाव, कळंबा, गिरगाव, कंदलगाव, कात्यायनीचे डोंगर, पुढं नंदवाळ, इस्पुर्ली. माळ आणि ऊस आलटून पालटून. उसातल्या पाणंदी (शेतांमधल्या बैलगाडीच्या वाटा), माळावरच्या गाडीवाटा, मधेच मुरमाचे चढ. सलग १५ ते २० किमीचा फेरा जुळवता येतो आणि डांबर फक्त ओलांडण्यापुरतं लागतं. शिवाय पाचगाव, कंदलगाव, कणेरीकडून आतल्या रस्त्यानं हायवे गाठता येतो, त्यामुळे कागलला जायला शहरात शिरायची गरज नाही. आषाढी एकादशीच्या आसपास दोन-तीन दिवस नंदवाळचा परिसर वारकऱ्यांचा असतो. तेव्हा त्या बाजूला फिरकायचंच नाही.

उत्तरेला सादळे-मादळे, कासारवाडी, जोतिबाचा डोंगर दिसायला फार मोहक. पण तिथं वनहद्द दाट आहे, आणि चैत्र यात्रेत वाडी रत्नागिरीचे सगळे रस्ते भरून जातात. टोप गावच्या दगडखाणी बघून पुष्कळांना मोह होतो. चालू खाणीत सुरुंग असतात, बंद खाणीत पाण्याचा तळ दिसत नाही आणि कडे पोकळ झालेले असतात. खाण पट्टेदाराची असते, सार्वजनिक नसते. तिथं जाऊच नका.

पुराचं बघा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. नदी ४३ च्या पुढं गेली की केर्लीजवळ रत्नागिरी रस्त्यावर पाणी, गगनबावडा रस्त्याला मांडुकलीत पाणी, शिये-बावडा रस्ता बंद. २०१९ आणि २०२१ मध्ये तर शिरोलीजवळ हायवेही बंद होता. तुमची नोकरी दक्षिणेला आणि घर पश्चिमेला किंवा उत्तरेला असलं तर अशा आठवड्यात नदी मधे येते. आर. के. नगर, मोरेवाडी, पाचगाव उंचावर आहे. तिथं पुराची काळजी नाही, काळजी नळाची. घरमालकाला पाणी किती दिवसांआड येतं हे विचारू नका, शेजाऱ्याला विचारा.

पाणंद_नकाशा

वरचं पटतं. पण वाट जवळ आहे म्हणजे ती आपली आहे असं नाही, आणि घर घ्यायच्या आधी तपासायची खरी गोष्ट हीच. कोल्हापुराभोवती मातीची प्रत्येक वाट सहा-सात प्रकारांपैकी कशात तरी मोडते. प्रकार कळला की ती वाट दहा वर्षांनी असेल का, याचा अंदाज येतो.

ज्या गावाच्या आसपास घर बघताय त्या गावाचा गाव नकाशा काढा. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गट नंबर दिसतात, पण जुन्या खुणा असलेला मूळ नकाशा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून मिळतो आणि तोच हवा. त्यावर तुटक एक रेष म्हणजे पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. तुटक दुहेरी रेष म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. दुहेरी तुटक रेष दिसली की ती बैलगाडीची वहिवाटीची वाट, म्हणजे पाणंद. तिचं क्षेत्र ज्या गटातून ती जाते त्याच्या पोटखराब्यात, म्हणजे लागवडीत न धरलेल्या भागात, धरलेलं असतं. तुमच्या एक्सपल्ससाठी पक्की वाट हीच. एक रेषेच्या पायमार्गावर मोटरसायकल घालू नका, तिथं भांडण ठरलेलं.

आता गुगल अर्थ उघडा आणि जुन्या वर्षांची चित्रं एकेक करून बघा. वाट दहा वर्षं त्याच जागी, त्याच रुंदीची असेल तर ती वापरात आहे. अरुंद होत चालली असेल तर दोन्हीकडचे बांध आत सरकताहेत. मधेच नाहीशी झाली असेल तर कुणीतरी नांगरून ऊस लावलाय. पाणंदी मोकळ्या करायची मोहीम तहसीलदार घेतात, पण मोकळी झालेली पाणंद बहुधा मुरूम-खडी टाकून पक्की होते. शेतकऱ्याला ते हवंच असतं आणि ते योग्यच आहे. तुम्ही मात्र हिशेब धरून चाला की आजच्या मातीच्या वाटांपैकी काही पुढं खडीच्या होणार. म्हणून एका पाणंदीवर विसंबू नये. दहा किमीत निदान चार-पाच वेगळ्या वाटा असलेलं गाव निवडा.

माळावरची वाट असेल तर सातबारा बघा. भोगवटादारात 'सरकार' आणि इतर हक्कात 'गायरान' असेल तर ती जनावरांच्या चाऱ्याची जागा, देखभाल ग्रामपंचायतीकडं. तिथून जाणारी गाडीवाट वापरायला सहसा कुणी अडवत नाही, पण वाट सोडून चाऱ्यात चक्रं मारली की गुराखी अडवणारच. 'राखीव वन' किंवा 'वन विभाग' असेल तर भारतीय वन अधिनियम १९२७ चं कलम २६ लागतं, परवानगीशिवाय शिरणं गुन्हा. इतर हक्कात खासगी वनाची नोंद असेल तर तेही जंगलच समजा, शेतकऱ्यानं तोंडी हो म्हटलं तरी. जागेवर वनहद्द ओळखायची खूण म्हणजे चुना फासलेले दगडी बुरूज. एक बुरूज दिसला की थांबायचं, दुसरा कुठं आहे ते बघायचं आणि त्या दोघांच्या रेषेच्या अलीकडं राहायचं. देवस्थान इनामाच्या जमिनीही या भागात पुष्कळ आहेत, आणि देवराई असेल तर तिच्या सावलीतही गाडी नेऊ नये.

अभयारण्याचं वेगळं. राधानगरीत वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २७ नुसार परवान्याशिवाय प्रवेश नाही. त्यातून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यावरून पलीकडं जाता येतं, म्हणजे फोंडा घाटाचा डांबरी रस्ता चालेल. त्याच्या कडेची एकही मातीची वाट नाही. पन्हाळगड, विशाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत. तिथं कलम २७ चा प्रवेश-परवाना जसाच्या तसा लागत नाही, पण खालची जमीन राखीव वन असली की कलम २६ आहेच. त्यामुळं 'अभयारण्य नाही ना, मग चालतंय' हा युक्तिवाद वनरक्षकासमोर टिकत नाही. पाटगावच्या पुढं रांगण्याकडं जाणाऱ्या जंगलवाटेचं असंच. आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारायचं, लेखी मिळालं तर जायचं.

केएलएक्सबद्दल नीट ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९ नं नोंदणीशिवाय गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही, आणि सार्वजनिक ठिकाण म्हणजे फक्त डांबरी रस्ता नव्हे. जिथं लोकांना जायचा हक्क आहे ती प्रत्येक वाट त्यात येते. पाणंदही आली. विनानोंदणीच्या गाडीला रस्त्यावरचा विमा नसतो. समोरून शेणाची पाटी घेतलेली बाई आली आणि धक्का लागला तर तिच्या भरपाईचा प्रश्न थेट तुमच्या घरावर येतो. तेव्हा केएलएक्स फक्त खासगी जमिनीत. त्यासाठी जागा भाड्यानं मिळते का, हाही घर निवडायचा एक निकष धरा.

आणि प्लॉटचं. केर्ली, आंबेवाडी, प्रयाग चिखली या बाजूला स्वस्त प्लॉट दिसला तर आधी पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. नदी ते निळी रेषा बांधकामाला मनाई, निळी ते लाल अटींवर. शिवाय जमिनीला बिगरशेती वापर चालतो का ते बघा, नुसता गुंठ्याचा साठेखत करून घर बांधू नका.

करवीर_वाट

दोघांचे मनापासून आभार. मसाई रद्द. दक्षिण पट्टा नक्की करतोय, आधी भाड्यानं राहायचं असं ठरवलं. दोन शंका. एक, गाडीत काय बदल करावे लागतील? पुण्याजवळच्या टेकड्यांवर मुरूम आणि दगड असतो, इथं उसाची पाणंद म्हणजे नेमकं काय वाट्याला येतं? दोन, कुठल्या महिन्यात काय चालतं?

उद्यमनगर_पाना

भाऊ, तुमच्या १० किमीच्या फेऱ्यात तीन वेगवेगळ्या जमिनी लागतील. नदीकाठ आणि उसाचा भाग काळ्या मातीचा. माळ मुरमाचा. आणि पश्चिमेला सरकाल तसतसा तांबडा जांभा.

काळी माती ओली असली की चिकटते आणि थांबत नाही. पुढचं चाक आणि मडगार्ड यांच्यात भरत जाते, चाक जड व्हायला लागतं, मग अचानक जाम होतं आणि गाडी तोंडावर पडते. एक्सपल्सचं पुढचं खालचं मडगार्ड काढून वरचं लावून घ्या, नाहीतर निदान खालचं १५-२० मिमी उचलून घ्या. पाणंद कोरडी दिसली तरी फसू नका. शेतीची वीज पुष्कळदा रात्रीची असते, पाटाचं पाणी रात्री फुटतं आणि सकाळी मधलाच एक तुकडा लोण्यासारखा झालेला असतो. वेग त्या अंदाजानं ठेवा.

या गाडीला ऑइल कूलर आहे, तो पुढच्या चाकाच्या बरोबर मागं. काळ्या चिखलाचा थर त्याच्या पात्यांत वाळला की हवा जात नाही, तेल तापतं, क्लच घसरायला लागतो आणि माणूस क्लच प्लेट बदलत बसतो. प्रत्येक फेऱ्यानंतर कूलर मऊ ब्रश आणि साध्या पाण्यानं, मागून पुढं धुवा. जोराच्या फवाऱ्यानं पाती वाकतात. चाकाचे बेअरिंग आणि स्विंगआर्मचे जोड यांच्यावरही फवारा नको, ग्रीस धुऊन निघतं. बादलीनं धुवायचं तर ४० ते ५० लिटर पाणी लागतं. म्हणून घर बघताना खाली नळ, फरशी आणि उतार असलेली पार्किंग बघा. अपार्टमेंटमध्ये चिखल धुतला की पहिल्याच आठवड्यात सोसायटीची बैठक बसते. रो-हाउस किंवा बैठं घर मिळालं तर उत्तम. पिकअप आत घ्यायला गेट निदान दहा फुटाचं हवं.

जांभ्याचा त्रास निराळा. त्याच्या कडा धारदार, हवा कमी असली की टायर रिमपर्यंत दबतो आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. ठिगळ एकावर बसतं, दुसरी चीर राहून जाते. त्यामुळे चिखलासाठी १५-१६ पीएसआय ठीक, पण दगडावर पुढं १८, मागं २० च्या खाली जाऊ नका. घरापासून दहा किमीचाच फेरा असेल तर १८-२० वर ठेवून द्या आणि कामावर जाताना परत भरा. त्यासाठी घरी पायपंप हवाच. ट्यूब जाड घ्या, आत टाल्कम पावडर लावा. सोबत २१ इंची एक ट्यूब ठेवली तर अडचणीत ती मागच्या १८ इंची चाकातही घालून घरी येता येतं. उलटं होत नाही. तीन लिव्हर, पंप, चेनची एक जोडकडी, क्लच आणि ब्रेकचा एकेक दांडा. एवढं पुरे.

इंजिनाखालची प्लेट बाजारातून आणायची गरज नाही. शिवाजी उद्यमनगरात लेझरनं कापून, प्रेसवर वाकवून मिळते. पुठ्ठ्याचा नमुना आधी गाडीवर बसवून बघा. ३० बाय ४० सेंमीची प्लेट ३ मिमी लोखंडात पावणेतीन किलोच्या पुढं जाते, ४ मिमी ॲल्युमिनियममध्ये सव्वा किलोच्या आसपास राहते. ॲल्युमिनियमच घ्या, आणि दोन चुका टाळा. एक, प्लेट थेट इंजिनाच्या आवरणावर आवळायची नाही. फ्रेमला धरायची, मधे रबरी वायसर, आणि इंजिन ते प्लेट निदान १० मिमी मोकळी. चिकटून बसवली की दगडाचा दणका प्लेटमधून सरळ आवरणाला लागतो आणि तेच फुटतं. दोन, तेल सोडायच्या नटाखाली भोक ठेवायचं आणि चिखल बाहेर पडायला मागं दोन फटी. नाहीतर चिखल आत साठतो आणि इंजिन खालून झाकलं जातं.

सायलेन्सर कंपनीचाच राहू द्या. कायद्याचं सोडा, गावात पहिला राग आवाजाचाच येतो. गोठ्यात दूध काढायच्या वेळी फटफटाट करत गेलं की म्हैस पान्हा चोरते. ज्याचं दूध डेअरीला जातं तो माणूस ते विसरत नाही. सकाळी साडेसातच्या आधी आणि संध्याकाळी धारा काढायच्या वेळी वस्तीजवळून इंजिनाचा जोर न वाढवता जा.

गव्याची_वाट

महिन्यांचं सांगतो.

जून ते सप्टेंबर सडे आणि डोंगरउतार बंदच समजा, कुणी अडवलं नाही तरी. पश्चिमेला तेव्हा भाताची रोपलावण असते, बांधावरून गाडी नेली की बांध फुटतो. या दिवसांत पूर्वेचा मुरमाड माळ चालतो, कारण पाऊसच वेगळा आहे. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या आसपास, शिरोळला पाचशेच्या आसपास, आणि मधे शहर. आळते-रामलिंगच्या बाजूचा माळ पावसाळ्यातही चार दिवस उघडीप मिळाली की वापरता येतो. पण तिथं वनहद्द बघून. नदीचा ओढा ओलांडायचा तर पाणी चाकाच्या आसापर्यंत असेल तरच, आणि गढूळ वाहत्या पाण्यात मुळीच नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात चांगले. ओल असते, धूळ नसते.

त्यानंतर गळीत हंगाम. ऊसतोड सुरू झाली की तुमची रोजची पाणंद दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरखाली हातभर खोल चाकोऱ्यांची होते. चाकोरीत पुढचं चाक गेलं की ते स्वतःहून बाहेर येत नाही. उभं राहून, नजर लांब ठेवून, त्याच चाकोरीत राहून निघा. मधेच हँडल वळवलं की पडणारच. ट्रॉली समोरून आली तर तुम्ही मागं जायचं, तिला मागं घेता येत नाही. तोडणी मजुरांच्या पालांजवळ लहान पोरं खेळत असतात, तिथं पहिल्या गिअरवर. आणि रात्रीच्या डांबरी रस्त्यावर मागचा दिवा नसलेली ट्रॉली हा या जिल्ह्यातला सगळ्यात मोठा धोका आहे. अंधार पडायच्या आधी घरी.

फेब्रुवारी ते मे गवत वाळलेलं. सायलेन्सरच्या नळीतला कॅटलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर शुद्ध करणारा भाग, इतका तापतो की वाळल्या गवतावर गाडी उभी केली तर पेट घेऊ शकतं. वणवा लागला तर डोंगर जळतोच, आणि त्यानंतर सगळ्याच गाड्यांना ती वाट बंद होते. थांबायचं ते उघड्या मातीवर किंवा खडकावर. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो. माळावर एकटं झाड आणि वर ढग असेल तर झाडाखाली थांबू नका, खाली वस्तीकडं उतरा.

एक अडथळा नकाशावर दिसत नाही: तार. पश्चिमेकडं, विशेषतः गवे आणि रानडुकरं येतात त्या गावांत, शेतकरी संध्याकाळी झटका मशीनची (जनावराला विजेचा झटका देणारी) तार लावतात. कधी ती वाटेच्या तोंडावरही असते. बारीक, छातीच्या उंचीला, मावळतीच्या उजेडात अजिबात दिसत नाही. सकाळी मोकळी असलेली वाट संध्याकाळी मोकळी असेलच असं नाही. संध्याकाळचा फेरा नेहमी दक्षिणेच्या ओळखीच्या वाटेवर करा, नवी वाट दिवसा बघा.

चंदगडी

आजरा-गारगोटीचा पर्याय कुणी उघडलाच नाही, म्हणून लिहिते.

बाईमाणसाच्या नजरेनं सांगायचं तर घरून काम करणाऱ्या वहिनींसाठी आणि सातवीतल्या मुलीसाठी तो पर्याय नको. वाटांचं वैभव आहे, नाकारत नाही. पण आजऱ्याहून कागलला रोजची ये-जा म्हणजे दिवसाचे तीन तास जातात, आणि पावसाळ्यात वीज, नेटवर्क दोन्ही बेभरवशाचं. आजरा आणि चंदगडात जंगली हत्ती शेतात उतरतात, त्यामुळे पहाटे किंवा संध्याकाळी जंगलाकडच्या वाटेनं मोटरसायकल नेणं साफ चूक. जखम झाली तर १०८ बोलावता येते, पण मोठ्या उपचारासाठी शेवटी कोल्हापूरच गाठावं लागतं, सीपीआर हे सरकारी रुग्णालय असो की दुसरं. हाड मोडल्यावरचे ते दोन तास घर निवडताना मोजा.

मधला पर्याय मात्र आहे: गारगोटी रस्त्यावर कळंब्याच्या पुढं. महिन्यातून दोनदा पहाटे निघून कूर, गारगोटीपर्यंत जायचं आणि दुपारी परत. एकटं जाऊ नये. निघताना कुठल्या गावापर्यंत आणि किती वाजता परत, हे घरी कागदावर लिहून ठेवावं, कारण घाटाच्या बाजूला फोन लागत नाही.

करवीर_वाट

ताई, आजरा रद्द, तुमच्या वहिनींनीही मान डोलावली. कळंबा ते पाचगाव या पट्ट्यात बैठं घर शोधतोय. पाणंद_नकाशा, केएलएक्ससाठी जागा भाड्यानं घ्यायची तर कशी घ्यायची?

पाणंद_नकाशा

आधी घराचं. भाडेकरार मार्चपासून अकरा महिन्यांचा करा. त्यात पावसाळाही सापडतो आणि गळीत हंगामाचा बहुतेक भागही. दोन्ही बघितल्याशिवाय प्लॉटला हात लावू नका. घर बदललं की आरसीवरचा पत्ता ३० दिवसांच्या आत बदलून घ्या. राज्य तेच असल्यानं नंबर बदलायची गरज नाही.

आता केएलएक्सची जागा. एक ते दीड एकर पुरते, म्हणजे ४० ते ६० गुंठे. पड माळ घ्या, पिकाऊ जमीन नको. सातबाऱ्यावर जितकी नावं आहेत तितक्यांच्या सह्या घ्या. एका भावानं हो म्हणायचं आणि दुसऱ्यानं ट्रॅक्टर आडवा लावायचा, हे सामाईक जमिनीत हमखास होतं. भोगवटादार वर्ग २ (हस्तांतरावर सरकारी बंधन असलेली जमीन) असेल किंवा कुळाची नोंद असेल तर ती जागा सोडा. शंभराच्या नाही, पाचशेच्या स्टँपवर साधा करार: गट नंबर, क्षेत्र, मुदत, रक्कम, वार आणि वेळ, पाऊस संपल्यावर जमीन सपाट करून द्यायची जबाबदारी. वार-वेळ लिहिल्यामुळं शेजारच्या शेतकऱ्यालाही कळतं की आवाज कधी होणार. तिथपर्यंत पोचायची वाट कुणाच्या शेतातून जात नाही ना, हे आधी बघा. मामलेदार कोर्ट कायद्यात वहिवाटीचा रस्ता अडवला तर सहा महिन्यांत दावा करता येतो, पण तो शेतकऱ्याच्या शेतीसाठी आहे, आपल्या सरावासाठी नाही.

जागेत वळणं आखताना हद्दीपासून निदान १५ फूट आत राहा. उतारावर वरून खाली सरळ वाट काढू नका, पहिल्याच पावसात तिची घळ होते. उताराला आडवी, वळत जाणारी आखा आणि दर २०-२५ फुटांवर पाणी बाहेर काढायला तिरकी चर द्या. उन्हाळ्यात धूळ शेजारच्या पिकावर बसते. टँकरनं पाणी मारणं परवडत नसेल तर एप्रिल-मे बंद ठेवा.

आणि पाणंदीनं जाताना वाटेवर आडवे पीव्हीसी पाइप लागतील, पाणीपुरवठा संस्थेचे किंवा कुणाच्या ठिबकचे. उन्हानं ठिसूळ झालेले असतात, चाकानं फुटतात, आणि ज्याची पाणीपाळी त्या दिवशी असते त्याची आठवड्याची पाळी जाते. उतरा, दोन्ही बाजूंनी माती ओढून पाइप झाका, मग गाडी ढकलत न्या. चुकून फुटलाच तर पळून जायचं नाही. जवळच्या मोटारीच्या पेटीवर मालकाचा नंबर बहुतेक वेळा खडूनं लिहिलेला असतो, तिथंच फोन करा आणि जोड बसवून होईपर्यंत थांबा. सोबत अडीच आणि तीन इंची एकेक जोड आणि सोल्यूशनची छोटी ट्यूब ठेवली तर दहा मिनिटांचं काम आहे.